ओढ्याच्या उताराला टाकी

सुलभाताई गेल्याचा निखिलचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये त्यांच्याच गमबुटात पाय कोंबत होतो. माझे बूट गळके, त्यांचे दोन नंबरांनी लहान. एका पायावर नाचत मी म्हणालो, "बोल रे, काय म्हणते आई?" निखिल म्हणाला, "आई गेली. सांगलीला, मावशीकडे. झोपेतच." मी तसाच एका पायावर उभा. गंभीर प्रसंग मला नेहमी असल्याच अवतारात गाठतात.

ताई सांगलीच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. यजमान गेल्यावर इकडे न्यूझीलंडला, टाकानिनीत मुलाकडे राहायला आल्या. आम्ही त्यांचे शेजारी. निखिल आणि सून सकाळीच गाड्या काढून कामाला जात आणि आमच्या त्या नव्याकोऱ्या वसाहतीत दिवसभर चिटपाखरू दिसायचं नाही. "घरं नवी आहेत रे अविनाश," त्या म्हणायच्या, "पण माणसं अजून पॅकिंगमधून काढलेलीच नाहीत." बोलायला कुणी नाही म्हणून त्या वसाहतीमागच्या ओढ्यावर जाऊ लागल्या. तिथे त्यांना टेरी भेटला. टेरी म्हणजे निवृत्त प्लंबर, बारा महिने शॉर्ट्स आणि जँडल्सवर, म्हणजे आपल्या रबरी चपलांवर. काठावर झाडं लावायचा आणि शनिवारी जो सापडेल त्याला कामाला जुंपायचा. त्याने लगेच ताईंचं 'सू' करून टाकलं. ताईंनी त्याला शांतपणे सांगितलं, "टेरी, आमच्या भाषेत तो लहान मुलांचा बाथरूमचा विषय आहे." त्यानंतर तो जन्मात चुकला नाही. 'सुलाबा' म्हणायचा.

टेरीचा जीव अडकला होता एका माशात. कोकोपू. अंगाला खवले नाहीत, दिवसा दगडाखाली दडून बसणारा. जुने गोरे लोक त्याला 'देशी ट्राउट' म्हणत, पण तो ट्राउट नव्हे. खरा ट्राउट साहेबाने बोटीतून आणलेला. "म्हणजे ट्राउट तुमच्यासारखा, पर्मनंट रेसिडेंट," ताई म्हणाल्या. कोकोपूची पिल्लं समुद्रात वाढतात आणि वसंतात बोटाएवढीसुद्धा नसताना ओढ्याने वर येतात. आमच्या ओढ्यात ती रस्त्याखालच्या पाइपापाशी अडायची, कारण पाइपाचं तोंड पाण्यापासून हातभर वर लटकलेलं. हा मासा उडी मारत नाही, ओल्या दगडाला पोट चिकटवून चढतो. पाइपाच्या वर मैलभर सावलीतलं पाणी रिकामं पडलेलं. ताईंनी तेव्हाच ठरवलं, "पाइपाच्या वर एक मासा बघीन, मग सांगलीला जाईन."

कौन्सिलची परवानगी आली. टेरीने डबक्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंत काँक्रीटचा उतार ओतला, ओबडधोबड, वर खडे दाबलेले. पाठ धरली म्हणून तो घरी गेला आणि माझ्यातला कंत्राटदाराचा मुलगा जागा झाला. मी पोटासाठी कॉम्प्युटर बडवतो, पण वडिलांची थापी पुण्याहून बॅगेत घालून आणलेली. हे असलं काम वडिलांनी पाहिलं असतं तर गवंड्याला परत पाठवलं असतं! मी सिमेंटचा हात मारला आणि अशी घोटाई केली की उतारात तोंड दिसावं. ताईंना हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान दिसतंय… पण मासे काय आरशात बघायला येणार आहेत का?" मी हसलो. फिनिशिंग बायकांना कळत नाही, असंही काहीतरी बोललो असणार.

टेरी पाठ घेऊन पामर्स्टन नॉर्थला लेकीकडे गेला आणि वसंत आला. पिल्लं आली. काचेच्या काड्यांसारखी, नुसते डोळे दिसायचे. ताई उलट्या बादलीवर बसून बघायच्या. एक पिल्लू वीतभर चढायचं आणि घसरायचं. पुन्हा चढायचं, पुन्हा घसरायचं. घोटाई उत्तम झाली होती. मी हातोडी घेऊन धावलो, तर टेरी फोनवर ओरडला, "मासे असताना तिथे ठोकाठोक नाही, मेट! सीझन संपू दे." झालं. तो आख्खा वसंत आम्ही माझं फिनिशिंग बघत बसलो. ताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. शाळेत कदाचित नापासांना त्या असंच वागवत असतील.

सीझन संपल्यावर आम्ही दोघं छिन्नी-हातोडी घेऊन बसलो. डावी बाजू माझी, उजवी त्यांची. मी रागारागाने खोल, लांब-लांब खाचा मारत होतो. "अरे, खड्डे काय खणतोयस? पाट्याला टाकी लावतात ती पाहिली नाहीस कधी? बारीक, जवळजवळ. मिरचीसुद्धा धरून राहते त्यात." माझी बाजू दुपारी झाली. त्यांची संपायला आठवडे लागले. मधे हात झटकायच्या, चहा प्यायच्या, पुन्हा ठक ठक. मग व्हिसाची मुदत आली. गमबूट माझ्या गॅरेजमध्ये ठेवून म्हणाल्या, "पुढच्या वसंतात येतेच." पण तिकडे हृदयाचं निघालं आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं. मग दर रविवारी संध्याकाळी फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "चढले का रे?" मी म्हणायचो, "ताई, अजून थंडी आहे. आता येतील." …चढले असते. आदल्या वर्षीच चढले असते, मी थापी बॅगेत राहू दिली असती तर. त्या बादलीवर बसूनच त्यांना दिसले असते.

निखिलच्या फोननंतर तीन आठवड्यांनी पिल्लं आली. मी आणि लेकीकडून परतलेला टेरी काठावर पालथे पडून बघत होतो. चढली ती सगळी उजव्या बाजूने. प्रत्येक खाचेत थोडं पाणी साचलेलं, तिथे पोट टेकून दम खायचा आणि पुढच्या खाचेत जायचं. माझ्या बाजूने एक गोगलगाय तेवढी निघाली होती. टेरीने ढोपरं झाडली आणि पाइपाच्या वरच्या डबक्याकडे बोट दाखवलं. दोन काळे ठिपके. डोळे. "स्वीट अ‍ॅज, सुलाबा," तो म्हणाला, म्हणजे 'झकास', आणि उगाचच चष्मा पुसत राहिला.

गमबूट धुऊन मी परत गॅरेजमध्ये ठेवलेत. निखिल परत दे म्हणतो, मी टाळतो. परवा रविवारी संध्याकाळी बायकोने विचारलं, फोनजवळ काय बसून राहिलाय? मी म्हणालो, काही नाही. "चढले का रे?"चं उत्तर तयार होतं.