गेटवर जमा केलेली हत्यारं

शाळेच्या गेटवर आठवडाभर सकाळी सातला उभं राहा आणि मुलांची दप्तरं तपासा. दिवसाला एक किस्सा मिळाला नाही तर माझं नाव बदला. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवतो आणि शिस्तीचं खातंही माझ्याच गळ्यात आहे. ‘शाळेत शस्त्र आणण्यास बंदी’ हे सर्क्युलर मीच टाइप केलं. एका ओळीत झालं. बाकीचं सगळं गेटवर सुरू झालं.

* * *

पहिल्याच आठवड्यात नववीतला हरप्रीत आला, कमरेला छोटं कृपाण. त्याला बाजूला घेऊन मी शस्त्रबंदीवर चांगलं पाच मिनिटं लेक्चर दिलं. पोरगा मान हलवत ऐकत होता.

शेवटी म्हणाला, “सर, शिखांना कृपाण बाळगायचा हक्क संविधानानं दिलाय. घटक चाचणीत तुम्हीच विचारलं होतं.”

“मग?”

“दोनपैकी दोन मार्क दिलेत तुम्ही.”

सर्क्युलरमध्ये दुसरी ओळ त्याच दिवशी वाढली.

* * *

आमचे वॉचमन भोईरकाका नवघरचे. मिठागरं गेली, बिल्डिंगी आल्या, घरी बसवत नाही म्हणून नोकरी करतात. एकदा ‘मुलं आणि शस्त्रं’ या विषयावर बोलायला आम्ही एका पोलीस निरीक्षकांना बोलावलं. काकांनी त्यांना गेटवरच अडवलं आणि कमरेच्या रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवलं.

“साहेब, ह्या गारीत ठेवा.”

“अहो, मी पोलीस आहे.”

“दिसतंय ना. पन सर्क्युलरमधी पोलिसांना सूट न्हाय.”

मी धावत पोचेपर्यंत साहेबांनी रिव्हॉल्व्हर जीपमधल्या हवालदाराकडे दिलं होतं. स्टेजवर गेल्यावर म्हणाले, “माझं भाषण गेटवरच झालंय. आता चहा द्या.”

* * *

काशीमीऱ्याला गॅरेज असलेल्या एका पालकांच्या मुलाकडे कटर सापडला. पालक थेट वकील घेऊन आले. वकीलसाहेब म्हणाले, “कायद्यात नऊ इंचांपर्यंतच्या पात्याला लायसन्सही लागत नाही, मास्तर.”

मी म्हटलं, “हाच कटर खिशात घालून तुम्ही कोर्टात जाऊन दाखवा. मी आत्ता परत देतो.”

कटर जप्तीच्या कपाटात वकीलसाहेबांनी स्वतःच्या हातानं ठेवला.

* * *

त्या कपाटाचंही एक आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बघतो तर त्याला झेंडूचा हार, समोर उदबत्ती, दारावर हळदकुंकू. आत काय, तर अकरा कटर, चार नेलकटर आणि एक खेळण्यातलं पिस्तूल.

मुख्याध्यापिका मॅडम भडकल्या. “हे कुणी केलं?”

भोईरकाका पुढे झाले. “मॅडम, खंडेनवमीला शस्त्रांची पूजा नको? शालेत शस्त्रां तेवढीच हायत.”

मॅडमनी प्रसादाचा पेढा घेतला आणि विषय संपला.

* * *

यंदा मात्र गंमत नव्हती. दुसऱ्या कुठल्याशा शाळेबाहेर मुलांनी चाकू काढले आणि आमच्या मॅनेजमेंटनं नियम कडक केला. दप्तरात पातं सापडलं की थेट दाखला हातात.

दहावीच्या पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर होता. उत्तनच्या प्रिसिलाच्या दप्तरात वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीतभर सुरी निघाली. पात्यावर खवले तसेच होते.

“मार्केटमधून डायरेक्ट आले, सर. आईकडे द्यायची राहिली,” ती म्हणाली. पहाटेपासून आईबरोबर मासळी कापून ही पोर शाळेत येते, हे मला त्या दिवशी कळलं.

मॅडमसमोर दाखल्यांचं पुस्तक उघडं होतं. दहावीच्या तोंडावर हिला दुसरी कुठली शाळा घेणार? मला मनापासून वाईट वाटत होतं, पण नियम मीच टाइप केलेला. आता कुठल्या तोंडानं बोलणार?

निरोप मिळताच आई मार्केटमधून ओल्या एप्रननंच आली. मॅडम म्हणाल्या, “शाळेत हत्यार आणतात का, बाई?”

आईनं टेबलावरच्या सुरीकडे बघितलं, मग मॅडमकडे.

“हत्यार कुठचा, मॅडम? रविवारी तुमची सुरमय हिनंच कापली, याच सुरीनं. पावने हायत, बारीक तुकरे कर, असा तुमीच बोललाव ना हिला.”

मार्केटमध्ये प्रिसिलाच्या डोक्याला रुमाल असतो, मान खाली असते, आणि मॅडमची नजर सुरमईवर. मॅडमनी आता पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

“तू ओळखलं होतंस मला?”

“हो मॅडम. दर रविवारी.”

मॅडमनी दाखल्यांचं पुस्तक मिटलं. मग विचारलं, “पेपर किती वाजताचा आहे?”

“आठचा. सुरू झाला, मॅडम.”

“मग इथं काय उभी आहेस?”