कातळावरची पोपटी

हसणार नसाल तरच सांगते. नाही, आमच्या शैलासारखं तोंडावर रुमाल धरूनसुद्धा हसायचं नाही!

शैला म्हणजे माझी धाकटी नणंद. राहते पुण्यात, पण पाय कायम हिमाचलात. गर्दीच्या जागी ती जातच नाही बरं का! जिथं हॉटेल नाही, धड रस्ता नाही, ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही, असलं डोंगरातलं गाव शोधून काढते आणि तिथं जाऊन राहते.

त्या थंडीत ती आमच्या रोह्याजवळच्या वरसे गावच्या घरी आली. चहा पिता पिता म्हणाली, "वहिनी, रोह्यात सगळं छान आहे गं. पण शांत अशी जागाच नाही. जावं तिथं माणसं!"

झालं! माझं माहेर पेण, सासर रोहा. म्हणजे जन्मापासून डोंगर उशाला. आणि ही मला सांगणार?

"उद्या चल माझ्याबरोबर," मी म्हटलं. "एक माणूस दिसला तर विचार!"

जागा मी हेरून ठेवली होती. डोंगरातली एक वाडी मागे टाकली की पायवाट झाडीतून वर चढते आणि एकदम मोठा उघडा कातळ लागतो. खाली कुंडलिका नदी वाकडीतिकडी पसरलेली, वर आपण आणि वारा. बास!

आता नुसतं बसून काय करायचं? म्हणून ठरवलं, पोपटी लावायची. थंडीत आमच्याकडे पोपटी नाही म्हणजे काय? मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि वरून पेंढा पेटवायचा.

आमचे हे म्हणाले, "अगं, पोपटी शेतात लावतात. डोंगरावर कोण लावतं?"

"शेतात माणसं असतात!"

"माणसं असतात त्याला काहीतरी कारण असेल ना?"

"तुम्ही पेंढा उचला."

बिचारे भारा डोक्यावर घेऊन चढले. मडकं माझ्या कमरेवर. वर पोचलो आणि शैलानं चारी दिशांना मान फिरवून बघितलं. मग हळूच म्हणाली, "वहिनी, खरंच कुणी नाही गं!"

अहो, मी तिथंच दोन बोटं उंच झाले!

मडकं उपडं केलं, पेंढा रचला, काडी लावली. पण पेंढ्याला लागलेलं दव. जाळ कमी आणि धूर एवढा, की आमचे हे दिसेनासे झाले. खोकला ऐकू येत होता, म्हणून आहेत एवढं कळत होतं.

तेवढ्यात खाली पायवाटेवर माणसं दिसली. दोन-चार. पळत येणारी!

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. एवढा डोंगर मोकळा पडलाय, आणि ह्यांना सहलीला नेमकी माझीच जागा हवी? मी कातळाच्या टोकाला गेले, गळ्यातली ओढणी काढली आणि दोन्ही हातांनी हलवत ओरडले, "जा! दुसरीकडे जा! इकडे येऊ नका!"

वाऱ्यात काय ऐकू जाणार? ती माणसं आणखीच जोरात पळायला लागली. एकानं मागे वळून वाडीकडे हाक मारली. तिकडून आणखी माणसं निघाली.

"वहिनी, हे फिरायला आलेले वाटत नाहीत," शैला म्हणाली. "हातात झाडाच्या फांद्या आहेत."

"सावलीला घेतल्या असतील!"

काय म्हणावं माझ्या अकलेला? मी ओढणी आणखी जोरात हलवली.

बघता बघता अख्खी वाडी कातळावर! कुणी काही विचारलं नाही, सवरलं नाही. बायका, बापये, सगळे धपाधप फांद्या मारून जाळ विझवायला लागले.

"अहो, मडकं! माझं मडकं!" मी ओरडतेय, आणि एक म्हातारी मला दंडाला धरून मागे ओढतेय. "बाजूला हो गो बाय! मडक्यापायी जीव देतेस काय?"

फाट्! मडकं फुटलं. शेंगा, बटाटे, अंडी कातळभर.

म्हातारीनं एक शेंग उचलली, वास घेतला.

"ही तं पोपटी हाय!"

"हो आजी."

"मंग ओढणी हलवून बोलवत का व्हतीस आमाला?"

"बोलवत नव्हते हो. हाकलत होते."

मागून एक बाप्या धापा टाकत म्हणाला, "घ्या! आमाला वाटला वणवा लागला, नि बाई आत अडकली. भरल्या ताटावरून उठून आलो! आमच्या गुरांचा समदा गवत हाय या माळावर."

तोंड लपवायला मला त्या कातळात एक फट सापडेना. माफी तरी किती जणांची मागणार? आमच्या ह्यांना पुन्हा खोकला लागला. या वेळी धुराचा नव्हता.

आजीनं शेंग दाबून बघितली. "कच्च्याच हायेत. चल खाली. अशी लावतात काय पोपटी?"

मग खाली त्यांच्या शेतात नवं मडकं, नवी पोपटी, भोवती सगळी वाडी. आणि गर्दी न चालणारी आमची शैला कुठं? आजीला चिकटून बसलेली, बोटं चाटत!

यंदा ती पुण्याहून थेट वाडीवर गेली. आजीकडे राहिली, दिवस दिवस कातळावर बसली. मला कळलं ते ती परत गेल्यावर. मी फोनवर तणतणले, "जागा मी दाखवली, आणि मलाच नाही नेलंस?"

"मी विचारलं होतं गं वहिनी," शैला म्हणाली. "पण आजी म्हणाली, जागा शांत हाय, शांतच ऱ्हाऊ दे. तिला नको आणूस."