मुक्या जोडप्यांचा सामना

कारखान्याच्या कॉलनीमागे, कारेगावच्या अंगाला, मेंढरं चारायच्या माळावर साहेबलोकांनी गोल्फ क्लब काढला होता. गवत नावालाच. भोकाभोवती वाळूत जळकं ऑइल कालवून केलेले काळपट गोल, बाकी सगळा मुरूम आणि बाभळी. हौस मात्र दांडगी. सेक्रेटरी होते एक निवृत्त फौजी, आणि साधा खेळ त्यांना पचत नसे. एकदा त्यांनी प्रत्येकाला एकाच काठीनं अख्खं मैदान खेळायला लावलं. एकदा प्रत्येकाला मोजके फटके दिले. ते जिथं संपतील तिथं आपल्या नावाची झेंडी रोवून गुमान परत यायचं. ह्यांची झेंडी बाभळीच्या काट्यात रोवली गेली. घरी येऊन ते सांगताना हे हसून हसून बेजार झाले होते. तेव्हा हे हसत असत.

पुढच्या वर्षी आमचं बाळ गेलं, सातव्या महिन्यात, पोटातच. त्याच आठवड्यात मी भावाच्या हळदीला एसटीनं खुटबावला जाऊन आले होते. प्रवासाचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी ह्यांच्यासमोर स्पष्ट सांगितलं. दवाखान्यातून घरी आणताना ह्यांनी एवढंच विचारलं, "गेलीस कशाला?" त्यानंतर बोलणंच बंद झालं. ओट्यावरचा डबा उचलायचा आणि निघायचं. शेजाऱ्यांशी गप्पा, फोनवर गप्पा, माझ्याशी चकार शब्द नाही. आई म्हणायची, "बोलत्याल गं. पुरुषाच्या जातीला येळ लागतो. तू जरा पडतं घे." आणखी किती पडतं घ्यायचं? मला माफी नको होती की समजूतही नको होती. हे खेकसले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तरी मी त्या पदरात घेतल्या असत्या.

म्हणून जोडप्यांच्या सामन्याची नोटीस लागली तेव्हा मीच जाऊन आमचं नाव दिलं. दोघांत बॉल एकच. एक फटका नवऱ्यानं मारायचा, पुढचा बायकोनं. एकानं जिथं घालवला तिथून दुसऱ्यानं काढायचा. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तेच मला हवं होतं. काठी कुठली घेऊ, कुठं मारू, हे मी विचारणार आणि ह्यांना सांगावंच लागणार. ह्यांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

रविवारी सकाळी सगळे जमल्यावर फौजींनी नवा नियम सांगितला. गेल्या वर्षी नवरा-बायको मैदानभर भांडले, म्हणून यंदा सामना मुका. जोडीदाराशी बोललात की एक फटका दंड. खुणासुद्धा चालणार नाहीत. सगळे खो खो हसले.

बाकीच्या बायकाही माझ्यासारख्याच नवशिक्या. पहिल्याच भोकाला जोड्या फुटायला लागल्या. "अगं डावीकडे!" "मग तुम्हीच मारा की!" आम्ही मात्र निमूट चाललो होतो. तिसऱ्या भोकाशी मेंढरं आडवी आली आणि मी मागं राहिले. "जाऊ द्या ताई त्यान्ला," मेंढरं राखणारे आबा म्हणाले. मग पुढं बघून म्हणाले, "मालक लई लांब गेलं की तुमचं."

मेंढरं सरली तशी मी पळत जाऊन ह्यांना गाठलं. बॉल बाभळीखाली पडला होता, पाळी माझी होती. दंड गेला खड्ड्यात म्हटलं आणि मोठ्यानं विचारलं, "अहो, इथून कुठं मारू? सांगा ना."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागून गुण लिहीत येणाऱ्या साहेबांकडे वळले आणि एक बोट वर केलं.

"मी काय केलं हो?" मी म्हणाले.

ह्यांनी दुसरं बोट वर केलं.

साहेब बिचारे ओशाळले, पण त्यांनी लिहून घेतलं. मग मी मारला बॉल, कुठं तरी. डोळ्यांत पाणी होतं, काही दिसत नव्हतं. पुढची सगळी भोकं आम्ही तशीच खेळलो. बोलून काही उपयोग नाही, हे मला त्या बाभळीखाली कळलं होतं. घरी, दारी, या जन्मात कुठंच नाही.

सामना आम्हीच जिंकलो. इतरांना दंडच एवढे झाले होते. फौजी माईकवर म्हणाले, "नवरा-बायको असावेत तर असे! न बोलता एकमेकांचं मन ओळखतात." टाळ्या पडल्या. ह्यांनी कप घेतला, माईक घेतला, आणि कॅन्टीनच्या आचाऱ्यापर्यंत सगळ्यांचे नावानिशी आभार मानले. ह्यांचा आवाज छान आहे, हे मी जवळजवळ विसरले होते.

माझ्या शेजारी नुकतंच लग्न होऊन कॉलनीत आलेली एक मुलगी बसली होती. तिचा नवरा तिच्यावर रुसून लांब उभा होता. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "वहिनी, तुमचं भांडण कधीच होत नाही का हो?"

"नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं.