आत्याची सव्वा मूठ

सातपुड्याच्या पायथ्यापासून पांझरेच्या काठापर्यंत आमच्या आत्याइतकं मनापासून रागावणारं माणूस मी पाहिलेलं नाही. बाकीचे लोक काही घडलं की रागावतात. आत्या सकाळी तोंड धुतानाच रागावलेली असते, कारण रागाचं निमित्त तिला दिवसभरात कुठेतरी मिळतंच. ती माझ्या आबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, धुळ्याच्या शाळेत मुलींना शिवणकाम शिकवलं आणि तिथेच दोन खोल्या बांधून राहिली. मीही लग्न केलेलं नाही, जळगावला बँकेत नोकरी करते. त्यामुळे नातेवाईक मला "आत्यावर गेली" म्हणतात आणि मला ते टोचेल याची वाट बघतात.

सणावाराला ती धुळ्याहून चोपड्याला आमच्या घरी यायची. एसटीत शेजारची बाई हमखास विचारणार, "मिस्टर काय करतात?" आत्या कधी "घरी पापड लाटतात" म्हणायची, कधी "तुरुंगात आहेत". एकदा अमळनेरला चढलेल्या बाईला तिने सांगितलं, "अजून ठरलं नाही. तुमचे मोकळे आहेत का?" ती बाई चोपड्यापर्यंत उभ्याने आली. मला हे जमत नाही. मी कसनुसं हसून "नाही झालं लग्न" म्हणते, समोरचीला माझी कीव येते, ती मला तिच्या बिजवर दिराचं स्थळ सुचवते आणि मी घरी येऊन भांडी आपटते. आत्याला हे कळलं तेव्हा ती माझ्यावरच उखडली. "भांडा कसाले आपटस? तिले बोल ना!"

जळगावात मला घर मिळेना, तेव्हाचीही गोष्ट अशीच. एका घरमालकाने मला नखशिखांत न्याहाळून विचारलं, "एकट्याच? मग येणारं-जाणारं कोण असेल?" मी गप्प परत आले आणि चूक ही केली की आत्याला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसने हजर. थेट त्या गृहस्थाच्या झोपाळ्यावर जाऊन बसली आणि तिने त्याचीच मुलाखत घेतली. "तुम्ही घरात किती जण? तुमच्याकडे येणारं-जाणारं कोण? पत्तेबित्ते कुटता का? आमची मुलगी वर एकटी राहणार, खालच्यांची चौकशी नको करायला?" त्याने मुकाट्याने किल्ली दिली. अजूनही जिन्यात मी दिसले की तो आधी आत्याबाई कधी येणार ते विचारून घेतो.

थंडीत आमच्याकडचे पुरुष शेतावर भरीत पार्ट्या करतात. बायकांनी भाकरी थापून डबे भरून द्यायचे आणि घरी बसायचं. आत्याने एका वर्षी धुळ्यात गल्लीतल्या सगळ्या एकट्या बायका जमवल्या, विधवा, टाकलेल्या, माझ्यासारख्या राहिलेल्या, आणि आपल्या गच्चीवर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळल्या काड्या पेटवून वांगी भाजली. धूर बघून शेजारी पाण्याच्या बादल्या घेऊन धावले. आत्याने त्यांना बादल्यांसकट जिना उतरवलं. भरीत जहाल झालं होतं. आम्ही नाकं पुसत पुसत खाल्लं आणि खूप हसलो.

पण तिचा खरा राग श्रावणातला, कानबाई या आमच्या खानदेशी देवीच्या सणाच्या वेळचा. आमच्या घरी कानबाईच्या रोटांसाठी गहू मोजून घेत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ काढतात, त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, होतात आणि ते घरातल्यांनीच संपवायचे असतात. बायकांच्या नावाची मूठ नाही. लेक लग्न होऊन जाणार आणि सून नवऱ्याच्या मुठीत आली, असा तो हिशोब. आत्या दर वर्षी धान्याच्या पोत्याशेजारी बसायची आणि माझे काका, आमचे नाना, मुठी काढू लागले की विचारायची, "मी कोना घरनी शे?"

"अक्का, रीत शे ती. पोर परक्या घरनी ऱ्हास."

"मंग मन्हं परकं घर कोणतं? पत्ता दे, आत्तेच जास!"

नाना पत्ता देत नसत. मग आत्या रागारागाने सगळ्यांपेक्षा दोन रोट जास्त खायची.

मी हसायचे तेव्हा. माझं हसू आबांनंतर संपलं. मी त्यांची एकुलती एक. त्यांच्या आजारपणात चुलत भावंडं एकमुखाने म्हणाली, "तू काय, मोकळीच आहेस, तू थांब." मोकळी! जिच्यामागे नवरा-पोरं नाहीत तिचं आयुष्य म्हणजे गावाचं गायरान, कुणीही ढोरं सोडावीत. मी थांबले. आबांसाठी थांबले आणि त्याचं मला काही वाटत नाही. वाटलं ते पुढे. आबांना जाऊन वर्ष सरल्यावर कानबाई बसली. नानांनी स्वतःची मूठ काढली, मुलांची काढली, बारसंही न झालेल्या नातवाची काढली. मग पोत्याचं तोंड वळत आबांबद्दल (घरात त्यांना सगळे दादाच म्हणत) म्हणाले, "दादाना घरमा आते कोन्ही नही."

मी त्यांच्या समोर परात धरून उभी होते. ज्या घरात आता कोणी नव्हतं, त्याच घरातली. माझा संताप संताप झाला.

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. तिने नानांच्या हातातून पोतं ओढलं, आत हात खुपसला आणि सव्वा मूठ गहू माझ्या परातीतल्या ढिगात आपटले. "हाई मूठ हिनी. दादानी पोर शे, दादाना घरमा शे!"

"अक्का, काढ ते गहू!"

"तूच काढ. कानबाईना नावना शेत ते. लाव हात, देखू!"

नाना ढिगाकडे बघत राहिले. त्यातले माझे कोणते आणि नातवाचे कोणते हे ओळखणार कसं, आणि देवीच्या नावाने पडलेलं धान्य काढणार कोण? शेवटी काकू उठल्या. जन्मात कधी नानांपुढे तोंड न उघडलेल्या काकूंनी माझ्या हातातून परात घेतली आणि "दळाले उशीर व्हई राहयना" एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बस सुटता सुटता आत्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अवं, मन्ही मूठ ऱ्हाई गयी!" माझ्यासाठी भांडताना स्वतःचीच विसरली होती. स्वतःवरच चिडली, मग हसत सुटली. "पुढला साल," असं ओरडून सांगितलं.

त्याच हिवाळ्यात तिचं उजवं अंग लुळं पडलं. आता बोलते सावकाश, आणि हाताची मूठ वळत नाही. राग मात्र शाबूत आहे, फिजिओथेरपीवाली तिला घाबरते.

यंदाच्या श्रावणात मी एकटीच चोपड्याला गेले. नानांनी माझ्याकडे न बघता माझी मूठ काढली. मी म्हटलं, "आत्याची?"

"अक्का आठे कोठे शे?"

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी पोत्यात हात घातला. काय बोलले ते नीट आठवत नाही, पण आवाज आत्याचा होता, असं काकू म्हणतात.

रोट झाल्यावर तिला फोन लावला.

"तुन्ही मूठ पडी का?"

"पडली. तुझीही पडली."

 

"कोनी घाली?"

"मी."

"सव्वा घाली ना? तुन्हा हात धाकला शे."

मी हो म्हटलं. खरं तर दोन्ही हातांची ओंजळ भरून घातली होती. रागाच्या भरात मूठ मापायची राहूनच गेली, आणि आता ते गहू कुणाला काढताही येणार नाहीत.