देशभर बंद असलेली साइट

कुकर लावला होता, लेकीचा डबा अर्धा भरला होता, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल धडधाकट असताना दार ठोठावणारा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये एकच, गुणवंत शेट्ये. उगाच दुसऱ्याची वीज कशाला जाळायची, असं त्यांचं म्हणणं.

शेट्येभाऊ शांती नगरमधल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गिरगावातून इथे राहायला आले तेव्हापासून बिल्डिंगचं भलं करायचं त्यांनी मनावर घेतलंय. टाकीची सफाई, पार्किंगच्या रेषा, कबुतरांची जाळी, सगळं त्यांनीच केलं, आणि चांगलं केलं. गेल्या वर्षी त्यांनी दारोदार फिरून अख्ख्या बिल्डिंगला एकाच कंपनीचं इंटरनेट घ्यायला लावलं. आम्ही तेवढं जुनं ठेवलं. चालू वायर कशाला तोडायची, एवढंच कारण. पण तेव्हापासून मीटिंगमध्ये "काही लोकांना एकी नकोच असते" हे वाक्य माझ्याकडे न बघता, पण माझ्याच दिशेने येऊ लागलं.

नव्या नेटबद्दल कुणी कुरकुर केली की भाऊंचं उत्तर ठरलेलं. "यूट्यूब चालतंय ना? मग नेट चालू आहे." आशाताईंना त्यांच्या बँकेची साइट उघडत नव्हती, तर त्यांना बँक बदलायचा सल्ला मिळाला.

"वहिनी, नेट आहे का तुमच्याकडे?"

"आहे की. का हो?"

"नाही, सहज." भाऊ सोफ्याच्या कडेवर टेकले. पोटाशी लॅपटॉप. इतकं सहज.

मग हळूहळू बाहेर आलं. रुचिताला, त्यांच्या मुलीला, नर्सिंगची सीट लागली होती. आज सकाळी दहाच्या आत साइटवर होकार द्यायचा, नाहीतर सीट पुढच्या मुलीला. रुचिता परीक्षेला बसलेली, फोन बंद. तिची आई देवगडला. भाऊंकडे बटणांचा फोन, आणि रुचिताचं लॉगिन फक्त घरच्या लॅपटॉपमध्ये सेव्ह केलेलं.

"मग द्या की होकार."

"साइटच बंद आहे. देशभर."

"देशभर?"

"खात्री केली ना मी. आमच्याकडे बघितलं, आशाताईंकडे बघितलं, गोदूबाईंकडे बघितलं, वरच्या सूरजकडेही जाऊन आलो. कुठ्ठेच उघडत नाही."

या सगळ्या घरांत एकच वायर जाते आणि ती नेणारे आपणच, हे देशभर फिरताना त्यांच्या लक्षात आलं नसावं.  मी माझ्या फोनवर, आमच्या वायफायवर साइट टाकली. निळी पट्टी, पांढऱ्या कपड्यातल्या हसऱ्या मुली, सगळं झटकन आलं.

भाऊंनी फोन जवळ नेला, लांब नेला. "हे आधीचं असेल. साठवलेलं."

"रिफ्रेश करा."

केलं. मुली पुन्हा हसल्या.

मग त्यांनी कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. आपली कंपनी कशी तत्पर आहे ते मलाही कळावं म्हणून असेल.

"सर, यूट्यूब चल रहा है?"

"चल रहा है, लेकिन..."

"तो नेट चालू है, सर."

 वर्षभर बिल्डिंगला ऐकवलेलं वाक्य स्वतःला ऐकायला कसं लागतं, ते भाऊंना तेव्हा कळत होतं. मला जरा मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

"राउटर रीस्टार्ट कीजिए."

"सुबह से वही कर रहा हूँ. वो भी थक गया."

"फिर तो साइट का प्रॉब्लेम है, सर. कंप्लेंट ले लेता हूँ, दो दिन में देख लेंगे."

"अरे भैया, दस बजे तक का काम है."

पलीकडून धन्यवाद आले, आपका दिन शुभ रहे आलं, आणि फोन बंद झाला. मी चहा पुढे ठेवला. तो त्यांनी बाजूला सरकवला आणि लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर साइटच्या जागी पांढरं पान आणि मधोमध एक गोल, फिरतोय. त्यांचं लक्ष एकदा त्या गोलाकडे, एकदा आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. मजा माझ्या मनातून एव्हाना निघून गेली होती. मुलगी हुशार आहे, दोन वर्षं याच सीटसाठी खपली आहे.

मी बोलायला तोंड उघडलं, पण भाऊंनी हात वर करून थांबवलं. लोकांच्या दारात हा माणूस नेहमी काहीतरी सांगायला जातो. मागायला आलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"वहिनी, तुमच्या वायफायचा पासवर्ड द्या."