इतकं हो

आमचे गणिताचे सर "हो की नाही?" या प्रश्नाला सरळ उत्तर देत नसत. अंगठा आणि तर्जनी समोर धरून मध्ये फट ठेवायचे आणि म्हणायचे, "इतकं हो." भाजी खारट झाली का, प्राचार्य चिडलेत का, सगळ्याला फटच. तुमच्याही ओळखीत असा एखादा छळवादी असेलच.

घाटंजीच्या कॉलेजात आम्ही दोघं गणित शिकवायचो; मी संभाव्यता, ते फझी संच, म्हणजे एखादी गोष्ट किती अंशी खरी ते मोजणारं गणित. स्टाफरूममध्ये आमचं रोज वाजायचं. "तुमची शक्यता घडेपर्यंतच कामाची," ते म्हणायचे. "पाऊस येईन का नाही? आला की तिचं काम सरलं. पण आला थो पाऊस म्हणाचा का भुरभुर, हे आल्यावरच विचारा लागते. थे माहं काम." मुलांना त्यांचंच जास्त कळायचं, आणि मला त्याचा राग यायचा.

कपाशीला अळी लागली त्या वर्षी फवारणीला माणूस मिळेना. सर रविवारी स्वतःच पाठीवर पंप अडकवून घरच्या शेतात जाऊ लागले. कपाशी डोक्याएवढी, औषध तोंडावरच यायचं. सोमवारी डोळे लाल.

मी म्हणालो, "सर, विषबाधा व्हायची शक्यता आहे. तोंडाले कापड बांधत जा."

"शक्यता काहून म्हणता? झालीच आहे," ते हसून म्हणाले आणि बोटांत बारीक फट दाखवली. "इतकी."

सगळे हसले, मीही हसलो. दर सोमवारी फट थोडी रुंद व्हायची. एकदा तर बोटं इतकी थरथरत होती की फट किती ते कळेना. मला भीती वाटली. सर मात्र निर्धास्त. जे मोजता येतं ते आपल्या हातात असतं, अशी त्यांची श्रद्धा होती.

पुढच्या सोमवारी ते आलेच नाहीत. यवतमाळच्या दवाखान्यात बेशुद्ध होते. मी पोचलो तेव्हा त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दाराशी बसल्या होत्या. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वाचण्याची शक्यता अर्धी आहे."

वहिनींनी माझा हात धरला. "भाऊजी, म्हंजे अर्धे तं वाचले ना? हे म्हणत, अर्धं म्हंजे तेवढं असतेच."

डॉक्टरांचं अर्धं माझ्या विषयातलं होतं. त्यात माणूस पुरता परत येतो, नाहीतर येतच नाही. वर्षानुवर्षं मी हे फळ्यावर लिहिलं होतं. तिथे मात्र "हो वहिनी" म्हणालो.

त्यांना इतका धीर आला की त्यांनी शेजारणीला फोन करून सरांचे धुतलेले कपडे मागवले. एसटीने पिशवी आली तेव्हा सर गेले होते. वहिनींनी सदरा बाहेर काढला, मांडीवर उलगडला, नीट घडी घातली आणि पुन्हा पिशवीत ठेवला.