वाढलेलं ताट

नंदुरबारात मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला येणाऱ्या बायकांत ती एक होती. मी तिथे वजनकाट्यावर असायचो. तिला अक्षरओळख नव्हती आणि सिनेमा तिने कधी पाहिलेला नव्हता. स्टेशनच्या भिंतीवर एका मोठ्या नटीचं चित्र डकवलेलं होतं. तेवढ्यावर तिने रोज थोडी थोडी सांगत त्या नटीची अख्खी कादंबरी रचली होती.

नाकाला पदर बांधलेला, बोटं देठांवर, आणि पदराआडून संथ आवाज यायचा, "आते ती बंगलामा उनी. ताट वाढेल शे. पन जेव म्हनारं कोनीच नही तिले." मग ठसका लागून ती थांबायची. बाकीच्या बायका हातातली मिरची तशीच धरून वाट बघायच्या आणि मालक चरफडायचा.

हंगाम सरत आला तेव्हा गावात तंबूतला सिनेमा आला, नेमका त्याच नटीचा. बायका हट्टाने तिला घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी ती मुकाट्याने खुडत बसली. शेवटी शेजारणीने त्या नटीचं पुढचं विचारलं, "मंग वं, काल घर जाईसन काय करं तिनी?"

"माले काय ठाऊक," ती म्हणाली. "एवढा गाना म्हनात, एवढी हासनी. मन्हाकडे एक डाव बी देखं नही तिनी."

ती गोष्ट तिने पुन्हा काढली नाही. मिरची लवकर साफ होऊ लागली, मालकाची तक्रार मिटली. बंगल्यातलं ते ताट मात्र वाढलेलंच राहिलं.